हिंदमाताचं पाणी आणि मैदानाखालच्या टाक्या

चिंचपोकळीहून परळमार्गे दादरला निघालेल्याला पावसाळ्यात हिंदमाताची धास्ती असतेच. हा भाग बशीसारखा खोलगट. मुसळधार पावसात समुद्राला भरती आली, की नाल्यांतल्या पाण्याला वाटच उरत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पूर्वतयारीची निकड साऱ्या मुंबईला कळली. पुढे हिंदमातासाठी महापालिकेने परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन कलापार्क यांखाली साठवण टाक्या बांधल्या. पावसाचं पाणी पंपाने तिथे साठवायचं, भरती ओसरली की सोडायचं. फार शहाणपणाची योजना!

पण टाक्यांवर सगळं सोडून चालणार नाही. मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात. मंडळांनी त्या चाळीच्या फलकावर लावाव्यात, तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना कोण वर नेणार हे आत्ताच ठरवावं आणि शेजारी पालिकेचा मदत क्रमांक ठळक लिहावा: १९१६.