आमचे ड्रॉइंगमास्तर

(तालुक्याच्या गांवीं एका हायस्कुलांत भरलेल्या शोकसभेंत मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें केलेलें भाषण)



मी सभेंत बोलणारा माणूस नव्हे. माझा धंदा सुतारकीचा. रंधा, वाकस आणि करवत हीं माझीं अवजारें. शब्द हें माझें अवजार नाहीं. तरी मास्तरांच्या इतक्या विद्यार्थ्यांपैकीं दोन शब्द बोलावयास कोणी हातानें काम करणाराच पाहिजे, असें तुम्हीं ठरविलें, म्हणून उभा आहें. कोठें रंधा नीट फिरला नाहीं, तर पोटांत घाला.

आपल्याकडे शोकसभेंत गेलेल्या माणसाला देव करून टाकण्याची चाल आहे. देव केला म्हणजे हार घातला कीं काम संपलें. त्याच्यासारखें वागण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाहीं. आमचे मास्तर देव नव्हते. ते तापट होते. तपकीर ओढीत आणि तिचे डाग सदऱ्यावर वागवीत. वहींत पट्टी लावून काढलेलें झाड दिसलें, तर सबंध पान टरकावीत. पण वर्गांत कोणता पोरगा उपाशी आला आहे, हें त्यांना विचारावें लागत नसे. ते एका कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. उपाशी पोराची मान कशी कलते, हें त्यांनीं पुस्तकांत वाचलेलें नव्हतें.

मी आठवींत या शाळेंत आलों. चित्रकलेच्या तासाला तेव्हां काय मान होता तें सांगतों. गणिताचे मास्तर आले कीं वर्ग चिडीचूप, ड्रॉइंगचा तास आला कीं पोरें म्हणत, "चला, सुटी झाली!" पहिल्याच आठवड्यांत मास्तरांनीं टेबलावर एक मडकें ठेवलें आणि म्हणाले, "काढा." माझ्या शेजारीं एक कुंभाराचा मुलगा बसे. त्यानें मडक्याचें तोंड पुरें वाटोळें काढलें आणि त्याच्याखालीं मडक्याचें पोट. मुलें हसूं लागलीं. मास्तरांनीं विचारलें, "कां रे, असें कां काढलेंस?" पोरगा मान खालीं घालून म्हणाला, "मास्तर, तोंड वाटोळेंच असतें. माझा बाप रोज चाकावर फिरवतो."

मास्तर हसणाऱ्यांवर कडाडले. "मडकें कसें असतें हें या वर्गांत ह्या एकट्यालाच माहीत आहे. तुम्हीं बाजारांतलें मडकें पाहिलें. यानें जन्मणारें मडकें पाहिलें." मग त्यांनीं तें मडकें उचलून त्या पोराच्या डोळ्यांच्या रेषेंत धरलें. "आतां तोंड कसें दिसतें?" "सरळ रेघ दिसते." मडकें हळूहळू खालीं नेलें. रेघ फुगली, लंबगोल झाली. आणखी खालीं गेल्यावर वाटोळी होत चालली. मास्तर म्हणाले, "या लंबगोलाला टोकें काढूं नका, मडक्याच्या तोंडाला कोठें कोपरा असतो? हाताला ठाऊक असतें तें एक, आणि डोळ्याला दिसतें तें एक. तुझा हात शहाणा आहे, बाळ. आतां डोळा शहाणा कर. दोन्ही शहाणे झाले म्हणजे तुला कोणी फसवणार नाहीं."

मंडळी, आपल्या लोकांची सारी कहाणी या एका वाक्यांत आहे. आपले हात शहाणे आहेत. पण मान खालीं घालून काम करण्याची संवय पिढ्यान् पिढ्या लागली, आणि डोळा वर उठेनासा झाला. व्यापाऱ्यानें सागवान म्हणून दुसरेंच लाकूड पुढें केलें, कागदावर कोणी मापाबाहेर अंगठा घेतला, तरी आपण पाहत नाहीं. पाहणें शिकावें लागतें. तें शिकविणारा माणूस आपल्याला मिळाला होता.

आमच्यापैकीं निम्म्या मुलांजवळ रंगपेटी नव्हती. मास्तरांनीं त्याचा कधीं बोभाटा केला नाहीं. एका शनिवारीं त्यांनीं आम्हांला माळावर नेलें. गेरूचे खडे वेंचले. ते कुटून वाटले, पाण्यांत ढवळले, जाड वाळू खालीं बसूं दिली आणि वरचें तांबडें पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतलें. तें निवळल्यावर तळाशीं जो मऊ गाळ राहिला तोच रंग. त्यांत बाभळीचा डिंक भिजवून घोटला. कंदिलाच्या कांचेवरची काजळी डिंकांत घोटून काळा केला. चुन्याचा पांढरा केला. हळदीचा पिवळाही केला. पण हळदीनें रंगविलेला कागद अर्धा झांकून त्यांनीं उन्हांत ठेवावयास लावला, शेजारीं गेरूचाही तसाच ठेवला. कांहीं दिवसांनीं पाहिलें, तों हळदीचा उघडा भाग उडून गेलेला आणि गेरू जसाच्या तसा. मास्तर एवढेंच म्हणाले, "झगझगीत असतें तें टिकतेंच असें नाहीं." उपदेश केला नाहीं. ज्याला जें समजायचें तें समजलें.

माझ्या बापाला हें पसंत नव्हतें. "रेघोट्या मारून चूल पेटत नाहीं," असें ते म्हणत. आणि त्यांचें अगदींच चुकलें असें मी आजही म्हणणार नाहीं. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं त्याला तें बोलण्याचा हक्क आहे. एलिमेंटरी परीक्षेचा अर्ज त्यांनीं सहीशिवाय परत पाठविला. त्याच संध्याकाळीं मास्तर आमच्या छपरांत येऊन एका ओंडक्यावर बसले. बाप बैलगाडीच्या चाकाचें काम करीत होते. मास्तरांनीं परीक्षेचें नांवही काढलें नाहीं. म्हणाले, "मिस्त्री, बारा आऱ्यांची जागा सारखी कशी पाडतां हो?"

बापानें दोरी घेतली. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचें माप धरलें, आणि तेवढीच दोरी कडेवर सरळ ताणून खुणा करीत गेले. सहावी खूण बरोबर पहिल्या जागीं येऊन मिळाली. मग प्रत्येक दोन खुणांचा मध्य काढला. सहाचे बारा झाले. "माझ्या आज्यानें शिकवलं," बाप म्हणाले. मास्तरांनीं पिशवींतून पुस्तक काढलें आणि आकृती दाखविली: वर्तुळ, त्याची त्रिज्या, आणि कडेवर त्रिज्येनें पाडलेले सहा भाग. "याला कर्तव्यभूमिती म्हणतात, मिस्त्री. ज्या परीक्षेला तुम्ही पोराला बसूं देत नाहीं, तींत हें विचारतात. तुम्ही तर ती कधींच पास झालेले आहां."

बाप पुष्कळ वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांना वाचतां येत नव्हतें, पण आकृती कळत होती. शेवटीं म्हणाले, "हें पुस्तकांत आहे होय? मग पुस्तकवाल्यांनीं आमचं नांव कां नाहीं घातलं?" मास्तर म्हणाले, "म्हणून तर पोराला पाठवा." बापानें अंगठा दिला. मग मास्तरांनीं हौसेनें वाकस उचलला आणि एक आरा तासावयास घेतला. तो त्यांनीं असा बिघडविला कीं बाप पोट धरून हसले, आणि त्यांचा हात धरून वाकस कसा चालवावा तें त्यांना शिकविलें. माझ्या बापानें शाळेंतल्या माणसाला कांहीं शिकवावें, हा प्रसंग आमच्या घरांत पहिलाच.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें. गांवच्या शाळेचा मास्तर कसा असावा, तें त्यांत सांगितलें आहे. नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस वेळ पडल्यास हातीं धरण्याची ज्याला लाज नाहीं, आणि जो खालच्या थरांतल्या माणसांत मोकळेपणानें मिसळतो, असा मास्तर त्यांनीं मागितला होता. मीं हें फार उशिरां वाचलें. वाचलें तेव्हां ती छपरांतली संध्याकाळ डोळ्यांपुढें उभी राहिली.

या परीक्षा म्हणजे काय, हें पुष्कळ पालकांना ठाऊक नसतें, म्हणून सांगतों. एलिमेंटरी आणि तिच्या पुढची इंटरमीजिएट, या दोन परीक्षा राज्याचें कला संचालनालय घेतें. विषय कोणते? वस्तुचित्र, म्हणजे समोरची वस्तु नीट पाहणें. स्मरणचित्र, म्हणजे बाजारांत, शेतांत पाहिलेलें मनांत ठेवणें. संकल्पचित्र, म्हणजे नक्षी बांधणें; आमच्या वर्गांतली कोष्ट्याची मुलगी यांत सर्वांच्या पुढें असे, कारण लुगड्याच्या काठाची वेल पुन्हा पुन्हा कशी जुळवावयाची हें तिनें मागावर पाहिलेलें होतें. भूमिती, ती तर सुतार, लोहार, गवंडी यांची रोजची भाकर. आणि अक्षरलेखन, ज्यावर पाट्या रंगविणारांचीं घरें चालतात. हे बड्या लोकांचे चोचले आहेत काय? हें आपलेंच घरचें धन आहे, शाळेच्या दारानें परत आलेलें. त्या वर्षीं कुंभाराच्या पोराची फी कोणी भरली, हें शाळेच्या कारकुनानें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. तुम्हांला तें सांगण्याची गरज नाहीं.

मास्तर आम्हांला सांगत कीं, मुंबईचें जे. जे. कलाशाळेचें काम १८५७ सालीं सुरू झालें, तें जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून, आणि त्यांत या देशांतल्या कारागिरीला वर आणण्याचा हेतु होता. ते बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगत. कोल्हापूरच्या सुतारकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यांतला हा माणूस. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनीं सिनेमाचा कॅमेरा घरीं बनविण्याचा खटाटोप मांडला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं, कॅमेरा पुरा केला. त्याच माणसानें पुढें १९२५ सालीं 'सावकारी पाश' काढून शेतकऱ्याचें दुःख पडद्यावर आणलें. "ज्याच्या हातांत पटाशी होती, त्याच्याच डोळ्याला हें दिसलें," असें मास्तर म्हणत.

आतां माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकतों. दहावीनंतर मीं कलाशाळेंत जावें अशी मास्तरांची फार इच्छा होती. पण त्याच उन्हाळ्यांत बापाचा उजवा हात करवतीखालीं गेला. घरांत पाठची भावंडें. मीं रंधा हातीं घेतला. मास्तरांना काय तोंड दाखवूं, असें वाटून नऊ वर्षें मीं त्यांची आळी टाळली. बाजारांत दिसले तर दुसऱ्या गल्लीनें जाई. एके दिवशीं मोडक्या पायाची खुर्ची घेऊन तेच दुकानांत आले. मी एका दरवाजावर वेल कोरीत होतों. त्यांनीं चष्मा पुसला, वेल पाहिली आणि विचारलें, "ही कोठें पाहिलीस?" मी म्हणालों, "नमुन्याच्या पुस्तकांत." "मग ही मेलेली आहे. तुझ्या परसांत कारल्याचा वेल चढलाय, तो आधारासाठीं तंतु कसा फेंकतो तें बघ." आणि निघतांना म्हणाले, "नऊ वर्षें कां आला नाहींस रे? तुला चित्रकार करण्याचा मीं कधीं हट्ट धरला होता? मला पाहणारा माणूस हवा होता."

तो दरवाजा मीं पुन्हा केला. गिऱ्हाइकानें जादा पैसे दिले नाहींत. पण तेव्हांपासून माझ्या हातून मेलेली वेल गेली नाहीं.

मंडळी, येथवर गोड गोड झालें. आतां थोडें कडू बोलावयाचें आहे. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. चित्रकलेचा तास वेळापत्रकांत आहे. पण तो कधीं गणितानें घेतला, कधीं विज्ञानानें. कपाटांतल्या फळ्यांना वाळवी लागली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालीं झाला. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलें असतील, तर कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांना निदान अर्धवेळ शिक्षक असावेत, असें त्याच्या परिशिष्टांत लिहिलें आहे. कायदा कागदावर राहिला याचा दोष मी एकट्या शाळेला देत नाहीं. आपण पालकांनीं कधीं विचारलें काय? गणिताचा मास्तर नसता तर आपण मोर्चा नेला असता. ड्रॉइंगचा नाहीं, तर आपणच म्हणालों, "बरें झालें, पोरें अभ्यास करतील." मास्तर जिवंत असतांना हें घडलें, आणि आज आपण त्यांच्या तसबिरीला वर्गणी काढीत आहोंत!

तसबिरीला माझा विरोध नाहीं. चौकट मी फुकट करून देईन. पण माझी सूचना अशी आहे. आज येथेंच एक अर्ज लिहावा, त्यावर सर्व पालकांनीं सह्या वा अंगठे द्यावे, आणि रिकामी जागा भरावी म्हणून तो शिक्षण खात्याकडे न्यावा. जागा भरेपर्यंत आपण हात जोडून बसूं नये. दर रविवारीं सकाळीं दोन तास याच खोलींत वर्ग घ्यावा. भूमिती मी शिकवीन. नक्षीला ती कोष्ट्याची लेक आज दोन लेकरांची आजी होऊनही येतें म्हणाली आहे. पाट्या रंगविणारे दोघे बंधु अक्षरें शिकवितील. रंगपेटी नाहीं म्हणून एकही पोर दारांतून परत जाऊं नये. माळावरचा गेरू अजून संपलेला नाहीं.

आणि वस्तुचित्र? मघापासून अध्यक्षांच्या पुढें एक मडकें ठेवलेलें आहे. तें पाणी पिण्यासाठीं ठेवलें असें तुम्हांला वाटलें असेल. ज्याच्या चित्राला आम्ही हसलों होतों, तो कुंभाराचा मुलगा मागें बसला आहे, आणि तें त्यानें काल आव्यांतून काढलें आहे. येत्या रविवारीं सकाळीं आठ वाजतां तें टेबलावर असेल आणि तो स्वतः पोरांच्या डोळ्यांसमोर तें वर-खालीं धरील. आपलीं पोरें पाठवा. पोरींनाही पाठवा.