एप्श्टाइनचे घराणे आणि माइन्त्सचे पीठ

जर्मनीच्या टाउनुस डोंगररांगेत, फ्रांकफुर्टच्या पश्चिमेस, एप्श्टाइन नावाचा एक किल्ला असून त्याचा पहिला लेखी उल्लेख 1122 सालचा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तो हाइनहाउझेनच्या सरदारांकडे आला आणि त्यांनी किल्ल्याचेच नाव कुळनाम म्हणून धारण केले. त्यांची जमीन थोडी होती आणि तीही विखुरलेली. तिच्यातील बराच भाग इतर धन्यांकडून जहागीर म्हणून, म्हणजे निष्ठा व सेवा यांच्या मोबदल्यात, मिळालेला होता. असे असूनही तेराव्या शतकात जर्मनीचा राजा कोण व्हावा या प्रश्नात या घराण्याचा शब्द पुन्हा पुन्हा निर्णायक ठरला, आणि त्याचे कारण माइन्त्सच्या आर्चबिशपपदात शोधावे लागते.

माइन्त्सचा आर्चबिशप हा जर्मन चर्चचा अग्रणी होता, आणि राजाची निवड करणाऱ्या मोजक्या थोरांमध्ये, ज्यांना पुढे इलेक्टर म्हटले जाऊ लागले, त्याचे स्थान पहिले होते. हे पद वारशाने मिळत नसे, कारण धर्मगुरू अविवाहित असे. कॅथेड्रलच्या पुरोहितांचे मंडळ त्याची निवड करी, आणि त्या मंडळात आसपासच्या सरदार घराण्यांतील धाकटे मुलगेच प्रामुख्याने बसत. बापाकडून मुलाकडे जाऊ न शकणारी सत्ता काकाकडून पुतण्याकडे जाऊ शकते, हे एप्श्टाइनकरांनी ओळखले, आणि 1200 ते 1305 या काळात त्यांच्यातील चौघे या पीठावर बसले.

पहिल्या झीगफ्रीडची (आर्चबिशपांच्या गणनेत दुसऱ्याची) 1200 मधील निवड वादग्रस्त होती आणि प्रतिस्पर्ध्याशी त्याचा झगडा कित्येक वर्षे चालला. तरीही 1212 मध्ये माइन्त्समध्ये तरुण फ्रेडरिक दुसरा याला राज्याभिषेक त्यानेच केला. 1230 मध्ये त्याच्या जागी आलेला पुतण्या, तिसरा झीगफ्रीड, आता सम्राट असलेल्या त्याच फ्रेडरिकवर उलटला. पोपची बाजू घेऊन त्याने 1246 मध्ये हाइनरिख रास्पे आणि 1247 मध्ये हॉलंडचा विल्हेल्म यांना सम्राटाविरुद्ध राजे म्हणून उभे करण्यात पुढाकार घेतला. माइन्त्स कॅथेड्रलमधील त्याच्या समाधिशिलेवर तो या दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवत आहे आणि दोन्ही राजे त्याच्यापेक्षा लहान कोरलेले आहेत. मध्ययुगीन शिल्पात आकार हे मानाचे माप असते, हे ध्यानात घेतल्यास ही शिला एक उघड राजकीय विधान ठरते, आणि त्या शतकाच्या राजकारणाविषयी ती अनेक सनदांपेक्षा अधिक सांगून जाते. याच झीगफ्रीडने 1244 मध्ये माइन्त्सच्या नागरिकांना व्यापक स्वातंत्र्याची सनद दिली. सम्राटाशी लढताना शहर पाठीशी हवे होते आणि त्याची किंमत मोजावी लागली.

तिसरा एप्श्टाइनकर व्हेर्नर 1273 मध्ये हाब्सबुर्गच्या रुडॉल्फच्या निवडीत अग्रभागी होता, तर चौथा एप्श्टाइनकर गेर्हार्ड याने 1292 मध्ये नासाऊच्या आडोल्फला निवडून आणले आणि 1298 मध्ये त्यालाच पदच्युत घोषित करणाऱ्या सभेचे नेतृत्व केले. काही दिवसांतच आडोल्फ ग्योल्हाइमच्या रणांगणावर मारला गेला. मात्र नवा राजा आल्ब्रेख्त याने ऱ्हाइन नदीवरील जकातींच्या वादातून युद्ध पुकारून 1302 पर्यंत गेर्हार्डला नमवले. मुकुट देणाऱ्याची ताकद मुकुट स्वीकारणाऱ्याला जाचतेच, आणि राजा घडवण्यातून आलेला हा अधिकार राजाच्या सैन्यापुढे अपुरा पडला.

गेर्हार्डच्या मृत्यूनंतर, 1305 पासून, हे पीठ घराण्याकडे पुन्हा आले नाही. 1418 मध्ये फाल्केनश्टाइन घराणे संपल्यावर मोठा वारसा मिळाला खरा, पण 1433 मध्ये दोन शाखा वेगळ्या झाल्या आणि 1492 मध्ये एका शाखेने किल्ल्याचा अर्धा भाग हेसेनला विकला. दुसऱ्या शाखेचा एबरहार्ड 1505 मध्ये क्योनिगश्टाइनचा काउंट झाला, परंतु 1535 मध्ये तो अपत्यहीन वारला आणि त्याची मालमत्ता श्टोलबेर्गच्या भाच्याकडे गेली. 1581 मध्ये माइन्त्सच्या आर्चबिशपने क्योनिगश्टाइनचा प्रदेश ताब्यात घेतला, आणि त्यानंतर एप्श्टाइनच्या किल्ल्यात एका अर्ध्यावर हेसेनची व दुसऱ्या अर्ध्यावर माइन्त्सची सत्ता राहिली.