बॅनरवरची रंगीत अक्षरं
(स्नेहसंमेलनातील भाषण)

गेटवरच्या बॅनरवरचं ‘रौप्यमहोत्सव’ कसं केलं, असं बरेच जण विचारतायत, म्हणून चार शब्द.

ते इंकस्केपमध्ये केलंय. सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे खजिनदार खूश! पहिल्यांदा अक्षरं सुटी करून रंग भरला, तर प्रत्येक अक्षरात लाल-हिरवा नव्याने सुरू. शिरोरेषेचे तुकडेच पडले. मग सगळी अक्षरं ‘युनियन’ने एकसंध केली, तेव्हा कुठे रंग ‘रौ’पासून ‘व’पर्यंत सलग वाहिला. पण लाल आणि हिरवा थेट मिसळले की मध्ये मळकट शेवाळी येतो. स्क्रीनवर टोकाला लाल 255, दुसऱ्या टोकाला हिरवा 255. मध्यावर मात्र दोन्ही निम्मेच, 128. तिथे पिवळा घातला, एकदम उजळलं.

आणि तेच नडलं. समितीने नमुना पसंत केला होता. तळमजल्यावरच्या आजींनी मात्र ‘रौप्य’ वाचलं आणि थेट ‘त्सव’! पांढऱ्यावरचा पिवळा ‘महो’ त्यांना दिसेचना. ज्यांनी सोसायटी उभी केली, त्यांनाच वाचता येऊ नये? रात्री बसून गडद निळी किनार दिली.

काल आजींनी पूर्ण वाचलं. वर म्हणाल्या, ‘प्य’ जरा बारीक झालाय. तो तसाच राहिलाय, मंडळी.