शर्ट उलटा करून बघा



आपल्या बॅचने शाळेतल्या गरजू मुलांना गणवेश द्यायचं ठरवलं आणि शिवणकाम कळतं म्हणून मला इथे उभं केलं. भाषणाची सवय नाही, मशीनची आहे.

कोटेशनं आली आहेत. तुम्ही कापड आणि भाव बघता, मी शर्ट उलटा करते. आत नुसतं ओव्हरलॉक आणि माया जेमतेम दोन सूत असेल, तर कापड टिकलं तरी पोरगं त्यात मावणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील फॅक्टरीत होते, घरात मोठ्याचा शर्ट धाकट्याला यायचा. तो चालायचा कारण बाजूला इंचभर माया असायची. शिंप्यांनी शब्द काय नेमका निवडलाय बघा!

फाटतं कुठे? काखेत आणि पँटच्या आसनात. तिथे दुहेरी शिवण हवी. अर्धा इंच माया धरून टीप मारायची, एका बाजूची माया निम्मी कापायची, लांब कड आखूड कडेवर दुमडून इस्त्री करायची आणि वरून दुसरी टीप. दोरे निघायला कड उघडी राहतच नाही. जीन्सच्या पायाला आतून बघा, हीच शिवण आहे. पण ती सगळीकडे नको. उसवून कपडा सैल करायचा तर ती त्रास देते, म्हणून बाजूला साधी शिवणच बरी.

मशीनचा टाका दोन धाग्यांचा. एलिअस हाव यांनी अमेरिकेत १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. वरचा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या मधोमध गुंतला पाहिजे. वरचा ताण सैल झाला तर खाली फासे लोंबतात, जास्त झाला तर शिवण चुण्या धरते. सुती कापडाला इंचात दहा-बारा टाके पुरे. फार बारीक टाक्याने कापडाची चाळण होते. दोराही कापडापेक्षा मजबूत नको. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं, कापड फाटलं की ठिगळच.

म्हणून सर्वांत स्वस्त कोटेशन लगेच मंजूर करू नका. बाजूला इंचभर माया, पँटच्या पायाला दोन इंच दुमड, काखेत आणि आसनात दुहेरी शिवण, एवढं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. शिलाई थोडी जास्त पडेल, तेवढी वर्गणी आपण वाढवू. मी नमुन्याचा शर्ट आणलाय. पहिल्या रांगेपासून फिरवा, उलटा करूनच.