सीएसआरचे दोन टक्के आणि कोडमधली एक कंडिशन

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल, तर आज जरा शेवटपर्यंत थांबा. विषय आहे बिझनेस एथिक्स, म्हणजे व्यवसायातली नीतिमत्ता. नाव ऐकूनच जांभई येते, मान्य आहे. इंजिनियरिंगला हा पेपर आपण सगळ्यांनीच आदल्या रात्री वाचून काढलेला असतो. पण आजच्या गोष्टीच्या मधोमध सॉफ्टवेअर आहे आणि शेवटी एक इंजिनियर तुरुंगात गेलाय. त्यामुळे आपल्यासारख्यांनी ती ऐकायलाच हवी.

आधी सीएसआरचं बघू. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली कुठलीही एक मर्यादा गाठली की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. शाळा, पाणी, आरोग्य, पर्यावरण वगैरे. मग आपल्याला एचआरचा मेल येतो : शनिवारी वृक्षारोपण, टी-शर्ट आणि नाश्ता मिळेल. मी याची टिंगल करत नाहीये. त्या पैशातून खरंच शाळांना बाकं मिळतात, गावात टाकी उभी राहते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे २ टक्के नफ्यातले आहेत. नफा झाल्यावर त्यातलं थोडं कुठे द्यायचं, एवढंच हे कलम सांगतं. तो नफा कमावला कसा, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि खरी नीतिमत्ता तिथेच कळते.

आता गोष्ट फोक्सवॅगनची. साल २०१५, सप्टेंबर महिना. डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्समध्ये वाहन क्षेत्रातली अव्वल कंपनी म्हणून फोक्सवॅगनचं नाव जाहीर झालं. म्हणजे पर्यावरण आणि जबाबदारीत पहिला नंबर! आणि त्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस काढली : तुमच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत अशा साधारण ४ लाख ८२ हजार गाड्या होत्या. जगभरातला आकडा निघाला १ कोटी १० लाखांच्या आसपास.

हे सॉफ्टवेअर काय करायचं? प्रदूषणाची चाचणी लॅबमध्ये होते. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. गाडीच्या कॉम्प्युटरला हा पॅटर्न ओळखता येतो. पॅटर्न जुळला की समजायचं, चाचणी चालू आहे, आणि धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालवायची. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रणा ढिली सोडायची. मग नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडायचे. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात, दमा असलेल्यांना जास्तच. आणि जाहिरातीत या गाड्यांचं नाव काय होतं? 'क्लीन डिझेल'!

यातला पुढचा भाग प्रत्येक डेव्हलपरने ऐकावा. काही वर्षांनी ग्राहकांच्या गाड्यांमध्ये बिघाड यायला लागले. इंजिनियरांना संशय आला की गाड्या रस्त्यावर असतानाही चाचणीच्याच मोडमध्ये अडकून राहतायत. मग त्यांनी काय केलं? फसवणूक अजून पक्की केली. स्टिअरिंग फिरतंय का, हेही तपासायला लावलं, कारण रोलरवरच्या गाडीचं स्टिअरिंग कुणी फिरवत नाही. थोडक्यात, फसवणुकीतला बग फिक्स केला आणि २०१४ च्या सुमारास अपडेट म्हणून ग्राहकांच्या गाड्यांत टाकला. हे सगळं अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदपत्रांत आहे.

पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या टीमने. गाडीच्या डिकीत मोजमापाची यंत्रं ठेवून त्यांनी गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. एक पसाट तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. कुणाला पकडावं म्हणून ते निघालेच नव्हते. लॅबबाहेर जाऊन मोजलं, एवढंच.

आता दोष कुणाचा? ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं की हा कंपनीचा निर्णय नव्हता, दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनियरांनी काही कारणाने हे केलं. ऐकलंत? म्हणजे संकट आलं तेव्हा वरून पहिलं बोट आपल्याच डेस्ककडे दाखवलं गेलं.

पुढे जेम्स लियांग नावाच्या इंजिनियरने गुन्हा कबूल केला. तो १९८३ पासून कंपनीत होता. अमेरिकेचे नियम आणि कंपनीला हवं तसं इंजिन, दोन्ही एकत्र जमत नाही, हे त्याला आणि सहकाऱ्यांना २००६ मध्येच कळलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला ४० महिने तुरुंगवास आणि २ लाख डॉलर दंड झाला. सरकारी वकिलांनी मागितलेल्यापेक्षा जास्त. पुढे एका मॅनेजरलाही ७ वर्षांची शिक्षा झाली. 'मला वरून सांगितलं होतं' हे न्यायाधीशांसमोर फार चालत नाही, मंडळी.

आपल्या इथलं काय? फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला, आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच. डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर झालं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, पण मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कंपनीचं म्हणणं असं की तेव्हाचे भारतातले नियम लॅबमधल्या चाचणीचे होते आणि ते आम्ही पाळले. यातली खरी गोम बघा : रस्त्यावर मोजायचा नियमच नव्हता! तो आपल्याकडे बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून आला.

माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. लॅबमध्ये एक आणि रस्त्यावर एक. हे फक्त गाड्यांचं नाही. सीएसआरच्या रिपोर्टमध्ये किती झाडं लावली हे असतं. तीन वर्षांनी त्यातली किती जगली, हे त्या शनिवारी फोटो काढणाऱ्यांपैकी कोण बघायला जातं? लावलेली झाडं म्हणजे लॅब, जगलेली झाडं म्हणजे रस्ता.

मग आपण काय करायचं? प्रामाणिकपणे सांगतो, घराचा ईएमआय असताना राजीनामा फेकणं सिनेमात सोपं असतं. मी तुम्हाला हीरो व्हायला सांगत नाहीये. पण तीन गोष्टी तर करता येतात.

एक. टेस्ट एन्व्हायर्नमेंटसाठी वेगळी कंडिशन आपण सगळेच रोज लिहितो, त्यात काही पाप नाही. फक्त विचारा, ही कंडिशन कुणापासून काही लपवते का? ग्राहकापासून, ऑडिटरपासून, तपासनिसापासून?

दोन. हे फीचर रिलीज नोट्समध्ये साध्या शब्दांत लिहिता येईल का? लिहायची लाज वाटत असेल, तर उत्तर मिळालं.

तीन. शंका आली तर प्रश्न लेखी विचारा. तिकिटावर किंवा मेलवर, अगदी नम्रपणे : 'सर, ही रिक्वायरमेंट कायद्यात बसते का, जरा कन्फर्म कराल?' तोंडी 'करून टाक रे' म्हणणारे बरेच असतात. लेखी उत्तर द्यायची वेळ आली की त्यातले निम्मे दोनदा विचार करतात. आणि उद्या बोटं दाखवायची वेळ आली, तर निर्णय कुणाचा होता ते कागदावर असेल.

फोक्सवॅगनला हे प्रकरण ३० अब्ज युरोंहून जास्त महाग पडलं. वर म्हटलेल्या त्या इंडेक्समधूनही ऑक्टोबरमध्ये नाव काढलं गेलं. एवढ्या पैशात धूर साफ करणारी चांगली यंत्रणा आरामात बसली असती.

तर पुढच्या वेळी वृक्षारोपणाचा मेल आला की जरूर जा, टी-शर्टही घ्या. फक्त तिथे एक प्रश्न विचारून या : मागच्या वर्षी लावलेली झाडं कुठे आहेत? चला, आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड आवडला तर टीममधल्या एखाद्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात, काळजी घ्या!