स्वस्ताईच्या जाहिराती व आपले कर्तव्य



उल्हासनगरच्या कापडबाजारात आपण कापड हाताने चाचपतो, घासाघीस करतो आणि मगच पैसे मोजतो. दुकानदार उद्याही तेथेच भेटेल, हा भरवसा असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरील जाहिरातीत मात्र केवळ चित्र असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री-संकेतस्थळावर कंपनीचे नाव, पत्ता व तक्रार-अधिकारी यांचा उल्लेख आवश्यक आहे. तो नसेल, भाव अतोनात कमी असेल व पैसे आगाऊच मागितले जात असतील, तर तो व्यवहार टाळावा हेच श्रेयस्कर.

तरीही फसगत झाल्यास, घरात बोल लागेल या भीतीने अंबरनाथ-बदलापूरच्या आपल्या कोणाही भगिनीने मौन धरू नये. ते मौन हेच ठकांचे भांडवल होय. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे ठकाने काढून घेण्यापूर्वी ते बँकेत रोखले जाण्याचा संभव असतो. जाहिरातीचे व पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपावेत. ती जाहिरात त्या ॲपवरच ‘रिपोर्ट’ करावी, म्हणजे शेजारचे घर वाचण्यास साहाय्य होईल. खऱ्या विक्रेत्याने सदोष माल दिल्यास १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच.

वडीलधाऱ्यांनी रागावण्यापूर्वी दूरध्वनी करावा, एवढीच आमची नम्र विनंती.