मनाचे ज्ञान मोहल्ल्यापर्यंत



या परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून मी सरळ विषयाकडे वळतो. मनुष्यस्वभावाविषयी शास्त्राने जे ज्ञान मिळविले आहे ते सर्वसाधारण माणसाच्या हाती, त्याच्या भाषेत व त्याच्या ऐपतीत बसेल अशा किमतीला पोहोचविणे, हे काम नफ्यावर जगणाऱ्या प्रकाशकाला पेलत नाही आणि सरकारी खात्याला सुचत नाही. म्हणून धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांनी ते अंगावर घेतले पाहिजे आणि त्यासाठी स्वतः प्रकाशकही झाले पाहिजे, असे माझे मत आहे. हे मत मांडण्यास भिवंडीपेक्षा योग्य ठिकाण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने या गावात हिंदू-मुसलमान दंग्याची जी आग भडकली, तिची चौकशी करण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणच्या दंग्यांची चौकशी त्याने केली. इतके होऊनही 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. चौकशीचा अहवाल दप्तरात राहतो आणि माणसांच्या मनातले भय मोहल्ल्यात राहते, या दोहोंची गाठ घालून देणारा मध्यस्थ कोणी नसतो, हे त्या चौदा वर्षांवरून मला कळते.

पुढे 1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून येथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी जे केले ते बंदोबस्ताच्या नेहमीच्या कल्पनेबाहेरचे होते. मोहल्ल्यामोहल्ल्यातून दोन्ही समाजांची साधी माणसे, दुकानदार, कारखान्यातला कामगार, शिक्षक, घर सांभाळणाऱ्या बाया, यांना पोलिसांसह एका जागी बसवावे, नळावरचे भांडण, भाड्याची तक्रार, पोरांची छेडछाड असली किरकोळ प्रकरणे त्यांनीच समजुतीने मिटवावीत, आणि अशा रोजच्या व्यवहारातून एकमेकांची तोंडओळख, मग नावे, मग घरे माहीत व्हावीत, अशी ती मोहल्ला समित्यांची योजना होती. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत मुंबई जळत असता, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेली, दोनदा होरपळलेली ही भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांत ज्यांनी रात्री जागून अफवा आपल्या गल्लीच्या तोंडाशीच अडविल्या, त्यांच्याविषयी बोलताना माझा स्वर भरून येतो आणि ते मी लपवीत नाही.

सभ्यहो, गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन समाज केवळ जवळ राहिल्याने त्यांच्यातील द्वेष ओसरत नाही असे सांगून, तो कधी ओसरतो याच्या अटी घातल्या आहेत: एकत्र येणाऱ्यांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, ते साधण्यासाठी एकमेकांच्या साह्याची गरज पडावी, आणि या मेळाला अधिकारी वर्गाचा उघड पाठिंबा असावा. आता मोहल्ला समितीची बैठक डोळ्यांसमोर आणा. सतरंजीवर सगळे सारखे, नळ सर्वांचाच, तंटा मिटवायचा तर दोन्हीकडची साक्ष हवी, आणि शेजारी पोलीस अधिकारी बसलेला. चारही अटी पुऱ्या होतात. समितीतल्या बहुतेकांनी ऑलपोर्टचे नावही ऐकले नसेल. परंतु त्यांच्या हातून जे घडले तो योगायोग नव्हता, मनुष्यस्वभावाचा तो एक नियम होता. नियम कळला की प्रयोग पुन्हा करता येतो. तो न कळला तर एका चांगल्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर सारे विरून जाण्याची धास्ती राहते.

हा नियम आणि हा प्रयोग एकत्र सांगणारी, चाळीस पानांची, चहाच्या किमतीत मिळणारी पुस्तिका मात्र भिवंडीतल्या विणकराच्या हाती नाही. खोपडे यांनी स्वतः आपल्या प्रयोगावर लिहिले हे त्यांचे उपकार. आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीची दखल घेतली, तो ग्रंथ अमेरिकेतील येल विद्यापीठाने छापला. येथील माणसांनी कमावलेले ज्ञान सातासमुद्रापलीकडे पुस्तकरूप होते आणि ज्यांनी ते कमावले त्यांच्याच नातवंडांना ते वाचावयास मिळत नाही, ही गोष्ट मला सलते.

असे काम आपल्याकडे कोणी केलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि माणसाच्या ज्या कामप्रवृत्तीविषयी बोलणेच निषिद्ध होते तिच्याविषयी निर्भीड, शास्त्रशुद्ध मराठीत लिहिले. अश्लीलतेचे खटले, दंड, नोकरीवर पाणी, सारे त्यांनी सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्धच गेला. 1953 च्या ऑक्टोबरात कर्वे वारले आणि मासिकही त्यांच्याबरोबर संपले. एका माणसाच्या हाडांवर उभे केलेले ज्ञानदान त्या माणसाबरोबर जाते. म्हणूनच मला संस्था हवी आहे. विश्वस्त बदलतील, हिशेब दरवर्षी तपासला जाईल, आणि काम चालू राहील.

लेखणी आणि दानधर्म एकत्र आले म्हणजे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी वाचले, त्यांनी देणगीचा हात पुढे केला, आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. येथून जवळ, ठाण्यात, 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. 1901 पासून मनोरुग्णालय असलेल्या त्या शहरात ‘ठाण्याला पाठवा’ हा शब्दप्रयोग टवाळीचा होता. त्याच शहरातून मन हा सर्वांच्याच अभ्यासाचा विषय आहे असे सांगणारी व्याख्याने, कार्यशाळा, विद्यार्थ्यांसाठी ‘वेध’सारखे मेळावे आणि डॉ. नाडकर्णी यांची मराठी पुस्तके निघाली, याला मी लहान परिवर्तन समजत नाही. वेड लागल्यावर उपचार, यापेक्षा राग, भय, मत्सर, लाज यांची ओळख शहाण्या माणसालाही करून द्यावी, ही दृष्टी तेथे आहे, आणि ती मला मोलाची वाटते.

माझे मागणे एवढेच, की ठाण्याहून ही दृष्टी खाडी ओलांडून भिवंडीत यावी. बारा बारा तासांच्या पाळीत मागांच्या खडखडाटात उभा राहणारा कामगार, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये राबणारा, कांड्या भरणारी बाई, अलीकडे महामार्गाच्या कडेने उभ्या राहिलेल्या गोदामांतला हमाल, यांना मन नाही असे समजून आजवर मानसशास्त्र लिहिले गेले. त्यांच्या झोपेविषयी, व्यसनाविषयी, गावाकडे राहिलेल्या बायकापोरांच्या ओढीविषयी कोण लिहिणार? बाजारात पाहावे तर आठ दिवसांत यश देणारी पुस्तके आणि मोहल्ल्यात पाहावे तर ताईत देणारा बाबा. दोघेही माणसाच्या भित्रेपणावरच गुजराण करतात. खरे ज्ञान स्वस्त झाल्याखेरीज हा धंदा बसणार नाही. आणि ते केवळ मराठीत निघून भागणार नाही. या गावात उर्दू वाचणारे मोठ्या संख्येने आहेत, तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर आहे, उत्तरेकडून आलेला हिंदीभाषी आहे. एकच मजकूर चार भाषांत छापणे नफेखोराला परवडत नाही. धर्मादाय संस्थेचे तर ते कर्तव्यच होय. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय हेतूंत शिक्षणाचा स्पष्ट समावेश केला आहे, तेव्हा कायद्याची अडचण कोणी सांगू नये. देवळांच्या, दर्ग्यांच्या व धनिकांच्या विश्वस्तांनी आपल्या शिलकेतील थोडा अंश या छपाईकडे वळविला तर देणगीचे सार्थक होईल.

तेव्हा या परिषदेला माझी विनंती आहे की, उद्याच्या ठरावांत एक ठराव असा करावा: मोहल्ला समित्यांत ज्यांनी काम केले ते स्त्री-पुरुष आता वयोवृद्ध झाले आहेत, त्यांच्या जबान्या याच वर्षी लिहून घ्याव्यात, त्यांवरून पहिली पुस्तिका मराठीत व उर्दूत एकाच दिवशी प्रसिद्ध करावी, आणि तिची एकेक प्रत येथील प्रत्येक शाळेत, वाचनालयात, पोलीस चौकीत आणि कारखान्यात विनामूल्य ठेवावी. संपादनाचे काम मी विनामोबदला करीन. कागद व छपाईचा भार कोण उचलतो, ते या मंडपातील विश्वस्तांनी आज सभा उठण्यापूर्वी सांगावे.